धिमा हात

मी जन्माचा धिमा. आई म्हणायची, "याचं जेवण होईस्तोवर दुसरी पंगत उठते." 1974 साली इंदूरला बँकेत लागलो. काउंटरवर माझीच लाइन सगळ्यांत लांब. लोक ओरडायचे, "भिया, जल्दी करो!" शेवटी साहेबांनी मला तिथून उठवून हिशेब जुळवायला बसवलं. शिक्षाच म्हणा ना.

एका संध्याकाळी कॅश 1,800 रुपयांनी कमी भरली. तूट कॅशियरलाच खिशातून भरावी लागे, आणि एवढी रक्कम म्हणजे बिचाऱ्याचा काही महिन्यांचा पगार. चपळ मंडळी पुन्हापुन्हा नोटा मोजत होती. मी फरकाला 9 नं भागून पाहिलं, पूर्ण भाग गेला. असं झालं की बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. मग एकेक स्लिप बोट ठेवून वहीशी ताडत गेलो. रात्री नऊला सापडलं: स्लिपवर 1,300, वहीत 3,100. कॅशियरच्या डोळ्यांत पाणी आलं.

हात माझा निवृत्तीपर्यंत धिमाच राहिला. पण फरक निघाला की हाक मलाच यायची. पोरांनो, तुमच्या ज्या खोडीला घरचे नावं ठेवतात, तिला साजेसं काम आधी शोधून पाहा.