मुलीच्या चित्रातला कान

काच घडवताना फुंकर मारायला फार थोडा वेळ लागतो. बाकी सगळा वेळ माणसं तिला फिरवत असतात. फिरवणं थांबलं की काच लगेच खाली ओघळते.

लेकीकडे सिॲटलला आले की मी टॅकोमाला एक फेरी मारतेच. तिथल्या ‘म्युझियम ऑफ ग्लास’चं हॉट शॉप, म्हणजे काच घडवण्याची कार्यशाळा, नव्वद फूट उंचीच्या, एका अंगाला कललेल्या पोलादी शंकूत आहे. या भागातल्या लाकूड गिरण्या भुसा जाळायला असे शंकू बांधत; वास्तुविशारद आर्थर एरिक्सन यांनी तोच आकार घेतला. आत खाली भट्ट्या, समोर प्रेक्षकांसाठी चढत्या रांगा. धग वरच्या रांगेपर्यंत पोचते.

या खेपेला एका लहान मुलीचं चित्र काचेत उतरत होतं. मुलांच्या चित्रांतून एखादं निवडून इथले कारागीर ते दोनदा घडवतात, एक प्रत त्या मुलासाठी आणि एक संग्रहालयासाठी. चित्रातला प्राणी निळा, गोल पोटाचा. चारही पाय कमीजास्त लांबीचे. उजवा कान डाव्याच्या दुप्पट आणि बाहेर मुरडलेला. मुख्य कारागिराने खडूने तो प्राणी खऱ्या मापात जमिनीवर काढून ठेवला होता आणि येताजाता सगळे त्याकडे बघत होते.

भट्टीत अकराशे अंशांच्या वर तापलेली काच गुळाच्या पाकाइतकी दाट असते. नळीच्या टोकावर तिचा गोळा घेतला, रंगाच्या चुऱ्यात घोळवला, पाण्यात भिजवलेल्या लाकडी साच्यात फिरवून गोल केला. वाफेचा फूत्कार झाला. मग ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी तळहातावर घेऊन कारागीर तो जळता गोळा जवळजवळ नुसत्या हाताने घडवू लागला. शेजारी गुडघ्यावर बसलेली एक तरुण मदतनीस नळीत फुंकत होती. त्याने मान हलवली की ती थांबे. बोलणं फारसं नव्हतंच. दर मिनिटा-दोन मिनिटांनी गोळा पुन्हा आगीत जाई, आणि बाहेर येताना बाक, चिमटा, माणूस, सगळं आपापल्या जागी तयार असे.

माझं माहेर तळेगाव दाभाड्याचं. तिथला पैसा फंड काच कारखाना १९०८चा. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा मागून उभ्या केलेल्या निधीतून तो निघाला. कारखान्यात एकासारखा दुसरा नग उतरला पाहिजे, तीच कसोटी. पण काच कारखान्याबाहेर, कलावंताच्या छोट्या भट्टीवरही घडू शकते हे अमेरिकन काचकलावंत हार्वे लिटलटन यांनी १९६२ साली टोलेडोत दाखवलं. त्यांचा विद्यार्थी डेल चिहुली याच टॅकोमाचा. इटलीतल्या मुरानोत चिहुलींनी कारागिरांची गटाने काम करण्याची रीत पाहिली आणि ती इकडे आणली. १९७६च्या अपघातात त्यांचा डावा डोळा गेला, पुढे खांदा दुखावला. मग ते चित्रं काढू लागले आणि भट्टीवर इतरांचे हात चालू लागले. चित्र एकाचं आणि हात दुसऱ्यांचे, हे इथे मुरलेलं आहे. म्हणूनच एका पोरीच्या रेघांना इतका मान मिळतो, असं मला वाटतं.

या निळ्या प्राण्यात खरी कसोटी कानांची होती. नळीवर फिरणारी काच आपोआप सगळीकडून सारखी होत जाते. वाकडेपणा तिच्याकडून मुद्दाम करून घ्यावा लागतो. शिवाय पाय, कान लागले की दर वेळी आगीत नेणं धोक्याचं. पातळ कान आधी वितळतो, तोवर जाड पोट पुरेसं तापलेलंही नसतं. फार वेळ बाहेर ठेवलं तर पाय तडकतात. एक जण हातातल्या बर्नरने नुसते पाय ऊबदार ठेवत होता. दुसऱ्याने सळईवर काचेचा थेंब आणला, मुख्य कारागिराने तो डोक्यावर ओढून घेतला, कात्रीने तोडला, चिमट्याने लांबवला. उजवा कान. खडूच्या रेघेकडे एकदा पाहिलं आणि मनगट फिरवून बाहेर मुरडला. मुलीच्या हाताने कागदावर सहज ओढलेली ती रेघ होती. तिच्याशी इमान राखायला पाच माणसं घामाघूम झाली होती. सरळ, देखणा कान त्यांना किती सोपा गेला असता!

शेवटी प्राणी नळीवरून सुटला आणि जाड हातमोज्यांतून धावत ॲनिलरमध्ये गेला. तिथे जवळपास पाचशे अंशांपासून तो हळूहळू निवणार होता. नाहीतर वरचा थर आधी आकसतो, आत ताण राहतो आणि काच फुटते.

जिचं चित्र होतं ती मुलगी समोरच्या रांगेत उठून उभी राहिली होती. कारागिरांनी पाणी प्यायलं. उजव्या कानाचं माप त्यांनी आधीच कंपासने घेऊन ठेवलं होतं. फुंकणाऱ्या मदतनीस तरुणीने नवी नळी तापायला लावली, कारण दुसऱ्या प्रतीचाही कान तेवढाच मुरडलेला यायला हवा होता.