'नो' म्हणजे नक्की काय?

लिनक्सवर सोर्सकोडपासून सॉफ्टवेअर बिल्ड करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ कधी ना कधी पाहिलेली असते: 'चेकिंग फॉर झेडलिब... नो'. आणि प्रत्येकाने मनात तेच म्हटलेलं असतं, "अरे, आहे की बाबा!"

मग माणूस लायब्ररी परत टाकतो. आमच्या टीममधल्या नवीन पोराने गेल्या आठवड्यात तीनदा टाकली. सोमवारी डिलिव्हरी, आणि बिचाऱ्याला वाटायला लागलं की आपल्यालाच काही जमत नाही. शेवटी मॅनेजर म्हणाला, "झेडलिब वगळून बिल्ड कर ना, चालतंय." चालतं खरं! फक्त कस्टमरच्या कॉम्प्रेस केलेल्या फाइल्स मग उघडत नाहीत, एवढंच :)

गंमत अशी की १९९१ साली सुरू झालेल्या ऑटोकॉन्फने बनवलेली कॉन्फिगर स्क्रिप्ट लायब्ररी 'शोधत' नाहीच. ती चार ओळींचा सी प्रोग्राम लिहिते आणि तो त्या लायब्ररीशी लिंक होतो का ते बघते. झाला तर 'येस', नाही तर 'नो'. हेडर फाइल नसो (उबुंटूवर ती वेगळ्या 'डेव्ह' पॅकेजात असते), पाथ चुकलेला असो, कंपायलरचा फ्लॅग भलताच असो, स्क्रीनवर उत्तर एकच. खरं कारण लिहिलेलं असतं ते कॉन्फिग.लॉगमध्ये. हजारो ओळींची फाइल, म्हणून कोणी उघडतच नाही.

आम्ही उघडली. लायब्ररीचं नाव शोधलं, तर ओळ सापडली 'स्किपिंग इनकम्पॅटिबल'. म्हणजे लिंकरला लायब्ररी दिसली होती! पण ती होती ६४ बिटची, आणि कस्टमरला हवा असलेला बिल्ड ३२ बिटचा. ३२ बिटचं डेव्ह पॅकेज टाकलं, काम फत्ते.

सीमेकवाल्यांनी हसू नये. तिथे अशा चाचणीचं उत्तर सीमेककॅशे.टीएक्सटीमध्ये जपून ठेवलेलं असतं. तुम्ही लायब्ररी आणून ठेवली तरी ते जुनंच 'नाही' वाचत बसतं. कॅशे उडवायची आणि पुन्हा चालवायचं.

आणि एक. जी लायब्ररी हवीच आहे ती '--विथ-झेडलिब' असं स्पष्ट सांगून मागावी. नीट लिहिलेली स्क्रिप्ट मग गुपचूप पुढे न जाता तिथेच थांबते. सोमवारी कस्टमरकडून कळण्यापेक्षा शुक्रवारी आपल्या मशीनवर कळलेलं बरं, नाही का?