कौलांवर पत्रा

कोकणातल्या जुन्या घरावर पत्रा चढला की ते घर माझ्या लेखी गेल्यातच जमा. दापोलीहून हर्णैकडे जाताना निळे पत्रे दिसले की मी गाडीत बसून शेरे मारायचो. आपल्या घरावर पत्रा येणार नाही, हेही मुंबईत बसूनच ठरवलं होतं. तिथे बारा महिने राहते ती काकू. तिला कोणी विचारलं नव्हतं.

आज आमच्या कौलांवर पत्रा आहे आणि तो मीच घालून घेतला आहे.

कारण माकडं. पूर्वी पावसाच्या तोंडावर कौलं चाळायची, फुटकी बदलायची, कोने नीट बसवायचे, की चार महिने निभावायचे. आता माकडं फणसावरून थेट पाख्यावर उड्या घेतात, आणि चाळायला गडी मिळत नाही. फुटक्या कौलातलं पाणी लगेच जमिनीवर पडतं असंही नाही. ते वाशावरून ओघळत भिंतीच्या माथ्यावर जातं, तिथलं लाकूड सतत ओलं राहतं, मग वाळवी. आमचा एक ऐनाचा वासा खालून धडधाकट दिसत होता. सुताराने टेकाशी पटाशी टोचली तर मुठीपर्यंत आत गेली. कौलांचं रूप जपायचं म्हणून आम्ही त्यांच्याखालचं लाकूड कुजवत होतो.

शिवाय मंगळुरी कौल तरी कुठे मूळचं? बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला 1865 साली. आमच्या घरावर त्याआधी नळे होते, त्याआधी गवत, असं काकू सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं सांगते. नळे उतरवले तेव्हाही एखाद्याने नाक मुरडलंच असेल.

स्लॅबला मात्र माझा विरोध कायम आहे. स्लॅब घालायचा तर आढं, वासे, रिपा सगळं काढावं लागतं. पत्रा उद्या नको झाला तर उतरवता येतो. खाली कौलं तशीच असल्याने दुपारची धग खोलीत उतरत नाही, पावसाचा ताशाही सोसवतो. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, कौलांबरोबर पत्रेही उडाले होते. म्हणून सांगाड्याचे खांब घराबाहेर काँक्रीटमध्ये रोवले, घराच्या भिंतींवर भार टाकला नाही.

भिंतींच्या बाबतीत मी तसूभरही हललेलो नाही. जांभा पाणी पितो, पण ते सुकायलाही वाट लागते. पश्चिमेच्या भिंतीला मधे कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला होता. झडीचं पाणी बारीक भेगांतून आत शिरायचं आणि तिथेच अडकायचं. गिलावा काढला तर मागच्या चिऱ्याचा भुगा बोटाने निघत होता. गवंडी म्हणाला, चुन्यात थोडं सिमेंट टाकू, लवकर धरेल. नको म्हटलं. चुना मुरवण्यात दिवस गेले, पावसाआधी ती एकच भिंत झाली. बाकीच्यांना यंदा झावळ्यांची झापं बांधली आहेत.

पत्र्याचा रंग विटकरी घेतला. काकूला निळा हवा होता, शेजाऱ्यांसारखा. "लांबून कौलं वाटावीत म्हणून ना रे?" तिने विचारलं. हो म्हटलं. एवढी लबाडी मला चालते.