उसाच्या रानातलं २०१६

कोल्हापूरहून गगनबावड्याकडं निघालं की कळे सोडल्यावर दोन्ही अंगाला ऊस लागतो. असळजच्या पुढं डोंगर जवळ सरकतात, ऊस मागं पडतो आणि घाटमाथ्यावर पोचेपर्यंत झाडी आणि धुकंच उरतं. तिथून एक रस्ता करूळ घाटानं वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावड्यानं. जिल्ह्यातला सगळ्यात जास्त पाऊस आमच्या गगनबावड्याच्या वाट्याला. जुलैत मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी चढलं की कोल्हापूर तुटतं, वीज जाते, टॉवर गप्प होतो. मग फोनमध्ये आधी उतरवून ठेवलंय तेवढंच आपलं. अख्खा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कुठं उडी न मारता ऐकायची सवय मला या पावसानं लावली.

अशा ऐकण्यात माझ्यापाशी सगळ्यात जास्त टिकलेलं वर्ष २०१६. जानेवारीत डेव्हिड बोवीचा 'ब्लॅकस्टार' आला आणि दोन दिवसांनी बोवी गेला. मार्चमध्ये 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट'मधला फाइफ डॉग गेला. त्याचा आवाज असलेला त्या मंडळींचा शेवटचा अल्बम नोव्हेंबरात निघाला. ऑगस्टमध्ये फ्रँक ओशनचा 'ब्लॉन्ड'. मे महिन्यात शिकागोच्या चान्स द रॅपरनं 'कलरिंग बुक' आणला. त्याची ना कॅसेट होती ना सीडी, दुकानात विकायला काहीच नव्हतं, आणि तरी पुढच्या वर्षी रॅपच्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी त्यालाच मिळालं. आमच्याकडं तोवर गाणी मिळायची ती बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात, मेमरी कार्ड भरून. ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं. त्यानंतर शिकागोतला अल्बम आणि गगनबावड्यातलं पोरगं यांच्यामध्ये फक्त रेंज उरली.

पण मला बोलायचंय ते दोन अल्बमांबद्दल. २३ एप्रिलला बियॉन्सेचा 'लेमोनेड' आला. २९ एप्रिलला 'सैराट' हा चित्रपट लागला. मध्ये सहा दिवस.

'सैराट'मध्ये गाणी चारच. 'याड लागलं' अजय गोगावलेनं एकट्यानं गायलंय, 'आताच बया का बावरलं' श्रेया घोषालनं, 'सैराट झालं जी'मध्ये चिन्मयी श्रीपाद आहे, आणि 'झिंगाट' अजय-अतुल दोघांचं. या संगीतासाठी हे दोघं संगीतकार भाऊ लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर गेले. हा तोच जुना एमजीएमचा स्टुडिओ, जिथं 'द विझार्ड ऑफ ऑझ'चं संगीत ध्वनिमुद्रित झालं होतं. 'याड लागलं'च्या मागं व्हायोलिनं उठतात तेव्हा मला दर वेळी भरून येतं. मच्छीमाराच्या पोराला पाटलाची पोरगी आवडली, एवढीच गोष्ट. आमच्या भागात अशा पोराला लोकांनी पारावर हसून सोडून दिलं असतं. त्याच्या मनात जे चाललंय ते एवढं मोठं, एवढ्या साजाच्या योग्यतेचं आहे असं या दोघांनी मानलं. मराठी गाण्यानं खेड्यातल्या पोराला याहून मोठा मान दिलेला मी तरी ऐकला नाही.

आणि मग दिग्दर्शक नागराज मंजुळेंनी चित्रपटाच्या शेवटाला ते सगळं काढून घेतलं. जातीबाहेर लग्न केलेल्या त्या दोघांना हैदराबादच्या घरात मारून टाकल्यावर त्यांचं लहान पोर दारात येतं तेव्हा, पडद्यावर आवाजच उरत नाही. अल्बम ऐकताना ही शांतता मला गाण्यांच्या आतच ऐकू येते. 'झिंगाट' वरातीत वाजतं, लोक बेभान नाचतात, नाचू देत. पण ते गाणं कुठं जाऊन थांबतं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जातीबाहेर जीव लावला म्हणून मारलेल्या पोरींची नावं आपल्याच वर्तमानपत्रांत येतात.

'लेमोनेड' पहिल्यांदा ऐकताना मला फक्त नवऱ्यानं फसवलेल्या बाईचा संताप कळला. त्याच्याबरोबर निघालेला तासाभराचा चित्रपट पाहिला तेव्हा बाकीचं उलगडलं. गाण्यांच्या मधे वॉर्सन शायर या कवयित्रीचे शब्द बियॉन्से बोलते. आपल्याकडं 'गारवा'मध्ये सौमित्रच्या कविता गाण्यांच्या आधी येतात, त्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. चित्रीकरण लुइझियानातलं. मेडवुड आणि डेस्ट्रेहान या जुन्या हवेल्यांच्या ओसऱ्यांवर काळ्या बाया पांढऱ्या झग्यांत बसल्यात, उभ्या आहेत, थेट आपल्याकडं बघतायत. या हवेल्यांचं वैभव कशावर उभं राहिलं ते मी नंतर वाचलं. उसावर. गुलामांनी लावलेल्या, गुलामांनी तोडलेल्या उसावर. १८११ साली तिथल्या उसाच्या मळ्यांतले गुलाम उठले, आणि पकडलेल्यांचा एक खटला चालला तो डेस्ट्रेहानच्याच आवारात.

ऊस म्हटल्यावर माझं लक्ष तिथंच अडकलं. आमच्या तालुक्यात वेसरफ-पळसंब्याला साखर कारखाना आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की बीडकडच्या टोळ्या येतात, रानाच्या कडेला खोपी पडतात. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. पहाटे अंधारात तोड सुरू होते. दुपारी मोळी डोक्यावर घेऊन बाया फळीवरून ट्रॉलीवर चढतात. फळी वाकते, पाय आडवा पडतो, बोटं फळीला धरून राहतात, एक हात मोळीला, दुसरा हवेत. लहान पोरगं खाली पाचटात बसून वाढं चघळत असतं. ट्रॉल्या भरल्या की ट्रॅक्टर निघतो आणि ड्रायव्हर टेप मोठा करतो. २०१६ च्या हंगामात तो सगळा रस्ता 'झिंगाट'नं दणाणत होता. 'सैराट'मधली आर्चीही ट्रॅक्टर चालवते, म्हणून ट्रॅक्टरवाल्यांना ते गाणं जास्तच आपलं वाटायचं.

'लेमोनेड'मध्ये 'फ्रीडम' नावाचं गाणं आहे, केंड्रिक लमारबरोबरचं. त्याच्या तळाशी एक जुना आवाज पेरलाय. मिसिसिपीतल्या पार्चमन तुरुंगात १९४७ साली अ‍ॅलन लोमॅक्सनं कैद्यांची कामावरची गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यातला हा एक. गाणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही, आकडा आहे: कैदी २२. अल्बमच्या सत्तरेक वर्षं आधी सक्तीच्या मजुरीवर असलेला माणूस जगातल्या सगळ्यात मोठ्या गायिकेच्या गाण्यात गातोय, आणि श्रेयनामावलीत त्या आकड्याला जागा आहे. पॉप संगीताकडून मी एवढी अपेक्षा कधी केली नव्हती. हा अल्बम मला त्या वर्षातला सगळ्यात थोर वाटतो तो यासाठी.

आपल्याकडंही असे आवाज जपलेले आहेत. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कित्येक गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट 'पारी' या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. 'सैराट'नं आमच्या मातीतल्या प्रेमाला सिम्फनी मिळवून दिली. आता फळीवर चढणाऱ्या त्या बाईचा आवाज हवा. स्वदेसीसारख्या मुंबईच्या रॅपर मंडळींनी आरेच्या जंगलासाठी तिथल्या आदिवासी माणसाला सोबत घेऊन गाणं केलं, म्हणजे हे जमतं. इथली कॉलेजातली पोरं एस.टी.त मागच्या बाकावर मराठीत रॅप जुळवत असतात, मी ऐकतो. त्यांच्यातल्या कुणी फोन घेऊन यंदाच्या हंगामात खोपीवर जावं, त्या बाईचं गाणं आधी नीट ऐकावं, आणि अल्बम निघेल तेव्हा तिचं नाव स्वतःच्या नावाच्या वर लिहावं.