सहा वाल आणि एक मिनिट

बाळाचा श्वास मोजायला बसलं की घरातल्या प्रत्येकाला काहीतरी बोलायचं सुचतं. सासू कोंबडीला हाकलते, दीर मोबाइलवर गाणं लावतो, शेजारीण दारातून विचारते, "काय गं आशाताई, नुसती बघत काय बसलीस?" तेवढ्यात माझा आकडा चुकतो. मग पुन्हा एकपासून.

जव्हार तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर मी आशा कार्यकर्ती आहे. दवाखान्यात बाळंत होऊन आलेल्या बाईकडे ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जायचं. पिशवीत झोळीचा काटा, थर्मामीटर, घड्याळ. काट्याभोवती घर गोळा होतं. वजन सगळ्यांना कळतं. श्वास मोजणं मात्र कुणाला काम वाटत नाही.

सुरुवातीला मलाही वाटत नव्हतं. अर्धं मिनिट मोजायचं, दुप्पट करून लिहायचं. एका बाळाचे असेच २६ भरले. ५२ लिहून निघाले. दुसऱ्या दिवशी आजीचा निरोप आला, पोर दूध ओढत नाही. जाऊन बघते तर श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडतोय. पूर्ण मिनिट मोजले तर ६८. आदल्या दिवशीच वाढले होते की नव्हते, हे मला आता कधी कळायचं नाही. तान्हं बाळ एका लयीत श्वास घेत नाही; भरभर घेतं, मध्येच थांबतं. म्हणून पूर्ण मिनिट. हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, मीच घाई केली. पोर वाचलं ते आजीच्या नजरेमुळे.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास भरले, पुन्हा मोजूनही तेवढेच भरले, तर दवाखाना गाठायचा. बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने उभी केली. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. तिथल्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. मला मात्र लक्षात राहिले ते त्यांचे मणी. मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी त्यांनी मण्यांचं साधन केलं होतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा.

दोन वर्षांमागे दिवाळीनंतर एक पोरगी बाळंत झाली. बाळ २१०० ग्रॅमचं. चौदाव्या दिवशी गेले तर दारात गोधड्यांची गाठोडी बांधलेली. भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाले होते. "बाळ लहान आहे, थांबा," म्हटलं. सासू म्हणाली, "बाय, उचल पावसाळ्यातच खाऊन झाली. आता थांबून कसं चालंल?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सरकारच्या कागदावर भेटीचे दिवस ठरलेले असतात, भट्टीच्या हंगामाचा चौकोन त्यात नाही.

पोरीला दहापर्यंत नीट मोजता येत होतं. मी तिच्या पदरात वालाचे सहा दाणे बांधले. नवऱ्याच्या मोबाइलवर एका मिनिटाचा अलार्म लावायचा, दर दहा श्वासांना एक दाणा बाजूला ठेवायचा. अलार्म वाजायच्या आत दाणे संपले तर पुन्हा मोजायचं. पुन्हा तेच झालं तर शेठ, मुकादम कुणाचंही न ऐकता दवाखाना. बाळ छातीला उघडं लावून वर लुगडं कसं गुंडाळायचं, तेही करून दाखवलं. तिने माझ्यासमोर तीनदा मोजलं. तिसऱ्यांदा सासूही गप्प बसली.

नवव्या रात्री फोन आला. "ताई, दाणं संपलं. मिनिट नाय संपलं."

"पुन्हा मोजलंस?"

"दोनदा."

तिथल्या सरकारी दवाखान्यात बाळ सहा दिवस होतं.

होळीला सगळा पाडा परत येतो, तशी तीही आली. वजन ४ किलो ८०० ग्रॅम. दाणे पाचच उरले होते, एक उंदराने नेला म्हणाली. २१, २८ आणि ४२व्या दिवसाचे चौकोन रिकामे राहिले, म्हणून त्या बाळाच्या भेटींचे २५० रुपये मला मिळाले नाहीत. यंदा भट्टीवर जाणाऱ्या चौघी पोटुशा आहेत. चौघींचे वाल मी आत्ताच मोजून ठेवलेत, सहाऐवजी सात-सात.