दहानंतरचे राग

सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, असं आज पंचविशीतल्या रसिकाला सांगितलं तर तो आदराने ऐकून घेतो, पण त्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केलेला हा उत्सव आमच्या तरुणपणी रमणबागेच्या मैदानावर व्हायचा. डिसेंबरची थंडी, वर मांडव, खाली भारतीय बैठक. घरातून निघताना सतरंजी, दोन शाली, कानटोपी, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, थर्मासमध्ये चहा असा सगळा संसार बरोबर घ्यायचा. मध्यरात्र उलटली की माणसं बसल्या जागी आडवी व्हायची, पण आडवं होण्याआधी शेजाऱ्याला सांगून ठेवायची, 'बुवा बसले की उठवा हं.' शेजारी ओळखीचा असायला हवा असं काही नव्हतं. पहाटे कधीतरी एक अनोळखी हात खांदा हलवायचा, 'उठा, तंबोरे लागले.'

शेवटच्या रात्रीचं गाणं सकाळी संपायचं. भीमसेनजींचं गाणं झालं की सवाई गंधर्वांची भैरवीची ध्वनिमुद्रिका लागायची आणि रात्रभर जागलेला तो सगळा मांडव ती शेवटच्या स्वरापर्यंत निश्चल ऐकायचा. मग बाहेर अमृततुल्याचा चहा, दूध घेऊन परतणारी माणसं, पहिल्या बसची वाट. कामावर जायचं असायचं त्यांनी जायचं, आणि त्या दिवशी कचेरीत पेंगणाऱ्याला कुणी रागवायचं नाही, कारण साहेबही तिथूनच आलेला असण्याची शक्यता असायची.

आता सभा दुपारी सुरू होते आणि रात्री दहाला संपते. ध्वनिप्रदूषणाचे नियम १४ फेब्रुवारी २००० पासून लागू झाले आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक बंद झाला. पुढे राज्य सरकारांना वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तेही मध्यरात्रीपर्यंतच, सवलत देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे एखाद्या दिवशी बारापर्यंत परवानगी मिळाली तर रसिक एकमेकांना सणाची बातमी द्यावी तसं सांगतात. एरवी शेवटचा कलाकार मंचावर येतो तेव्हा त्याच्यापुढे रसिक असतात आणि मांडवाच्या कडेला घड्याळ बघणारे संयोजक असतात. विलंबित ख्याल रंगात आला की आपलीही नजर मनगटाकडे जाते. पूर्वी गाणं कधी संपेल हे कुणालाच माहीत नसायचं. आता गाणारा, ऐकणारा आणि मांडव घालणारा अशा सगळ्यांना ते आधीच माहीत असतं.

या बदलात एक कमाई झाली, ती कबूल करायला हवी. मैफली रात्री नवाला सुरू व्हायच्या तेव्हा मुलतानी, मधुवंती, पटदीप, मारवा हे राग आमच्या वाट्याला फारसे येतच नसत. दुपार आणि तिन्हीसांजेचं ते सगळं वैभव आम्ही बहुतेक रेडिओवर आणि तबकड्यांवर ऐकलं. आजचा श्रोता ते समोर बसून, आपापल्या वेळेला ऐकतो. पण बागेश्री, मालकंस, दरबारी, अडाणा, सोहनी आणि पहाट होण्याआधीचा ललित हे राग उघड्या मांडवातून जवळजवळ हद्दपार झाले. कायद्याने त्यांचं नाव घेतलेलं नाही, फक्त त्यांची वेळ काढून घेतली.

आणि तरी त्या जुन्या रात्रींच्या आजूबाजूचे दिवस आठवले की जीभ जरा आवरावी लागते. चाळीत कुणाकडे सत्यनारायण असला की सकाळी सहाला गॅलरीच्या कठड्याला कर्णा बांधला जायचा आणि रात्रीपर्यंत सिनेमाची गाणी वाजायची. लग्नाला कर्णा, बारशाला कर्णा, निवडणुकीला तर रिक्षावर बांधलेला फिरता कर्णा. मार्च महिन्यात मॅट्रिकची मुलं कानात कापसाचे बोळे घालून अभ्यासाला बसायची. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना हृदयविकार होता. घरातलं एखादं पोर पाठवायचे, 'आजींना बरं नाही, जरा बारीक करा म्हणावं.' ते पोर खाली जायचं, सांगायचं, आवाज खरंच कमी व्हायचा, अर्ध्या तासाने हळूहळू पुन्हा चढायचा आणि मग दुसरं पोर पाठवायचे. आम्हाला तो आपलेपणा वाटायचा. पण ज्या घराला शेजारात मान नव्हता, ज्यांचं पोर खाली गेलं तर हसून परत पाठवलं जायचं, त्यांचे दिवस कसे जात असतील हे आम्ही कधी विचारलं नाही. पोलिसांचा परवाना तेव्हाही लागायचा, पण परवाना असणाऱ्याला कुणी काही बोलू शकत नव्हतं आणि नसणाऱ्यालाही बोलायची कुणाची छाती नव्हती.

आज असलं पोर पाठवावं लागत नाही. ११२ लावायचा. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात ती आणखी कडक. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी या विषयावर मोठा निकाल दिला. त्या प्रकरणाच्या मुळाशी एका अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराची बातमी होती. शेजारी मोठ्याने संगीत लावलेलं होतं आणि तिच्या हाका कुणालाही ऐकू गेल्या नाहीत. हे कळल्यावर आपल्या हरवलेल्या मालकंसाबद्दल बोलताना माणूस आवाज खाली आणतोच. तो नियम हवा होता. तो आणखी वीस वर्षं आधी आला असता तरी चाललं असतं.

रात्रभराच्या मैफलींबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहते. त्या रात्री मुख्यतः पुरुषांच्या होत्या. आमच्या आया गाण्याच्या वेड्या होत्या, त्यांनी रेडिओला कान लावून बंदिशी पाठ केल्या होत्या. पण पहाटे नळाला पाणी यायचं, सातला डबे भरायचे असायचे. ज्या यायच्या त्या पहिलं गाणं ऐकून उठायच्या. आज माझ्या वहिनी सभेला जातात, शेवटपर्यंत बसतात आणि साडेदहाच्या आत घरी असतात. आम्ही जुन्या रात्रींचं कौतुक सांगायला लागलो की त्या ऐकून घेतात, पण मान डोलावत नाहीत.

खेड्यापाड्यांतलं नुकसान मात्र अधिक खोल आहे आणि त्याची चर्चा कमी होते. जत्रेच्या हंगामात तमाशाची सुपारी द्यायला नारायणगावात गावोगावचे पुढारी येतात, फडांच्या राहुट्यांतून फिरतात, बोली होते. पूर्वी जत्रेच्या गावात जेवणं उरकून लोक तंबूत यायचे ते दिवस उजाडला की उठायचे. गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली आणि मग मध्यरात्री वग उभा राहायचा. वग हाच तमाशाचा प्राण, आणि वगाला रात्र लागते. राजा दरबार भरवतो, सोंगाड्या त्याची फिरकी घेतो, खलनायक कपट रचतो आणि पहाटे न्याय होतो. आता शेतातून माणूस आठला घरी येतो, नऊला जेवतो आणि सव्वादहाला पोलिसांची गाडी तंबूपाशी उभी राहते. मग वगाला कात्री लागते आणि गाण्यांवर वेळ मारून नेली जाते. त्या तंबूभोवती कैकदा मैल मैल घर नसतं. तिथे कुणाची झोप मोडणार होती, हे विचारण्याची सोय त्या नियमात नाही.

खरं दुखणं इथे आहे. नियम चुकीचा नाही, त्याची अंमलबजावणी माणसं बघून होते. शास्त्रीय संगीताची सभा थांबवायला एक हवालदार पुरतो. तो नुसता मांडवात दिसला तरी संयोजक गायकाला चिठ्ठी पाठवतात. तमाशाचा फडमालकही हात जोडतो, कारण उद्या त्याला दुसऱ्या गावात परवानगी हवी असते. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे तोच हवालदार कानात बोटं घालून उभा असतो. घरांच्या खिडक्यांची तावदानं थरथरतात, छातीत ठोके बसतात, म्हातारी माणसं आतल्या खोलीत जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी गुन्हे दाखल झाल्याची बातमी येते आणि पुढच्या वर्षी भिंत आणखी एक थर उंच होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये यंत्रणेला याच ढिलाईबद्दल सविस्तर आदेश दिले होते. ज्यांना आवरण्यासाठी नियम आला ते बरेचसे मोकळे राहिले, आणि जे सांगितल्याबरोबर ऐकतात त्यांची रात्र गेली. याचा राग येतो, आणि तो नुसता म्हातारपणाचा राग नाही.

बंद सभागृहाला या नियमातून सूट आहे. काही मंडळी तिथे रात्रीची सभा भरवतातही, पण भाडं, सुरक्षारक्षक आणि परतीचं वाहन यांचा हिशेब केला की तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाबाहेर जातं. दिवाळी पहाट नावाचा नवा सोहळा रुजला, त्याने भैरव आणि रामकली सांभाळले. पण दरबारीचं काय? आजचा विद्यार्थी दरबारी सकाळी दहाच्या शिकवणीत शिकतो. अति कोमल गंधाराचं ते आंदोलन गळ्यात बसायला वर्षं जातात, आणि ते मध्यरात्री शेकडो माणसांसमोर गाण्याची संधी त्याला कदाचित कधीच मिळणार नाही.

म्हणून काही तरुण गायकांनी घरगुती बैठका सुरू केल्या आहेत. ध्वनिवर्धक नाही, तीस-चाळीस माणसं, दोन तंबोरे, खिडक्या लावलेल्या. गाणं सुरूच होतं दहानंतर. आदल्या दिवशी ती मुलं इमारतीतल्या प्रत्येक दारावर जाऊन सांगून येतात की उद्या रात्री आमच्याकडे गाणं आहे, त्रास झाला तर फोन करू नका, सरळ बेल वाजवा, आम्ही थांबवू. परवा अशाच एका बैठकीत साडेअकराला बेल वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उभे होते, घरच्या कपड्यांत, बरोबर त्यांची शाळकरी मुलगी. त्यांनी विचारलं, 'आत जागा आहे का?'