वरंध्याच्या पायथ्याशी

भोरहून हिर्डोशीमार्गे वरंधा घाट उतरला की माझेरी, वरंध आणि मग बिरवाडी. वेल्ह्याकडून, केळदपासून मढे घाटाची पायवाट धरली तरी माणूस शेवटी बिरवाडीच्याच अंगाला उतरतो. या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली हिंमतराव बावसकर नावाचा जालना जिल्ह्यातला तरुण डॉक्टर रुजू झाला. हृदयविकाराच्या संशोधनाची भोर-वेल्ह्याला सगळ्यांत जवळची जागा कोणती, असे कोणी विचारले तर मी पुण्याकडे बोट दाखवणार नाही. घाटाखाली दाखवीन.

*

विषय विंचवाचा. विंचू आणि हृदय यांचा काय संबंध, हे तेव्हा पुष्कळ डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हते. माणसे मात्र मरत होती, आणि मरणाऱ्यांत पोरे जास्त.

*

काळ्या इंगळीला लोक जास्त भितात, कारण ती दिसायला थोराड, नांग्या जाड. खरा घातकी तो अंगाने किरकोळ असलेला तांबडा विंचू. दगडाखाली, कौलांच्या फटीत, फाट्यांच्या ढिगात, गोवऱ्यांत. मे महिन्यात घर शाकारायला माणूस वर चढतो, राबासाठी पातेरा गोळा करतो, पुढे कापणीला भाताचे भारे उचलतो. म्हणजे मावळातल्या वर्षाची निम्मी कामे विंचवाच्या दारातच होतात.

*

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत विलक्षण वाटते ती ही गोष्ट. ज्याला दंशाच्या जागी असह्य कळा येतात, जो रात्रभर ओरडतो, तो बहुधा वाचतो. त्याचे विष तिथल्या तिथेच राहिलेले असते. ज्याला फारसे दुखत नाही, पण उलटी होते, अंगावरचे कपडे भिजतील इतका घाम सुटतो, हातपाय गार पडतात, त्याची काळजी करायची. पुरुषाच्या किंवा मुलाच्या लिंगाला ताठरता येणे हीही धोक्याचीच खूण. लाजेपोटी ती घरचे सांगत नाहीत. डॉक्टरने विचारून घ्यावी लागते.

आणि पुढचे आणखी नवल: औषध लागू पडून रुग्ण सावरू लागला की मग कुठे त्याला दंशाची जागा दुखायला लागते. ‘दुखतंय’ म्हटल्यावर हायसे वाटावे, असा आजार वैद्यकात फार नसावा.

*

यातून मांत्रिकाचा हिशेबही उलगडतो. ओरडणारे रुग्ण त्याच्याकडे जास्त जाणार, आणि ओरडणारे तर आपसूकच बरे होणार. विंचू उतरला! जो गप्प आहे आणि घामाने निथळतो आहे, त्याचे तास मात्र तिथे फुकट जातात.

*

एकनाथांच्या विंचवाच्या भारुडातही घाम येतो. नाथांना सांगायचे होते ते काम-क्रोधाचे, पण लक्षण त्यांनी अचूक टिपले आहे.

*

शरीरात काय घडते? विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या वेळेवर मिटू देत नाही. मज्जातंतू पेटून उठतात आणि अ‍ॅड्रिनॅलिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांचा लोंढा रक्तात सुटतो. सगळ्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो. पुढचा व्हॉल्व्ह बंद असताना मोटार चालू ठेवली तर मोटारीचे जे होईल ते हृदयाचे होते. डावा कप्पा थकतो, फुप्फुसांत पाणी भरते, धाप लागते, शेवटी तोंडाला गुलाबी फेस. वयाने आठ-दहा वर्षांच्या, काल धडधाकट असलेल्या मुलाचे हृदय काही तासांत हरते.

इथे ना बायपासचे काम, ना स्टेंटचे. कुठली धमनी तुंबलेली नसते. शस्त्रक्रियेच्या सगळ्या वैभवाचा इथे उपयोग शून्य.

*

बावसकरांनी केले ते साधे, पण चिकाटीचे: रुग्णाच्या खाटेशी बसून राहणे. नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब, छातीतला आवाज, तासातासाला लिहिणे. हृदयावरचा परिणाम आधीच ओळखू येणाऱ्या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. त्या काळी अशा रुग्णांना अ‍ॅट्रोपिन आणि स्टेरॉइडही दिली जात. अ‍ॅट्रोपिनने तर हृदयाची धडधड आणखी वाढायची.

*

उत्तर सापडले ते रक्तदाबाच्या एका जुन्या गोळीत. प्राझोसिन. विषाच्या लोंढ्याने रक्तवाहिन्यांची जी कुलपे आवळतात, तीच ही गोळी सैल करते. हृदयावरचा भार उतरतो. १९८६ मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांनी हे ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. त्यांच्या नोंदींनुसार प्राझोसिनच्या आधी अशा गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. नंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले.

इतक्या मोठ्या फरकासाठी नवे रसायन लागले नाही, कारखाना लागला नाही. औषध दुकानात होतेच. रोग कुणी नीट पाहिला नव्हता.

*

गोळी देण्याची रीतही खाटेशी शिकलेली. पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला आडवेच ठेवायचे. उठवले तर रक्तदाब एकदम कोसळतो. आईने घाबरून पोराला उचलून कडेवर घेऊ नये, हे तिला आधीच सांगायचे. (आईला हे सांगणे सगळ्यांत अवघड असणार.) तीन-तीन तासांनी पुन्हा मात्रा, हातपाय कोमट आणि कोरडे होऊन हातावरच्या शिरा दिसू लागेपर्यंत. यंत्र नसले तरी शिरा दिसतात.

*

प्रतिविषाचा वाद. १९९९ मध्ये ट्युनिशियातल्या ८२५ रुग्णांवरच्या चाचणीत प्रतिविषाचा फायदा दिसला नाही. २००९ मध्ये अमेरिकेच्या अ‍ॅरिझोनात, अवघ्या १५ मुलांवर, भरघोस दिसला. विंचू वेगळे, विषे वेगळी. तिथला निष्कर्ष उचलून बिरवाडीजवळच्या महाडला चालवता येत नाही. म्हणून बावसकरांच्या महाडच्या दवाखान्यातच चाचणी झाली. ३५ रुग्णांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनसोबत मुंबईच्या हाफकिनचे प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात ८, दुसऱ्यात ३२. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’, २०११.

ज्या गोळीने त्यांचे नाव झाले तिला जोड हवी, हे बावसकरांनी स्वतःच सिद्ध केले. मला २०२२ च्या पद्मश्रीहून हे मोठे वाटते.

*

वेल्ह्याला आता सरकारदरबारी राजगड तालुका म्हणायचे. नाव बदलले, अंतरे तीच. केळदला रात्री अकराला विंचू चावला तर आधी गाडी मिळवायची, मग वळणे काढत तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय गाठायचे. भोरच्या हिर्डोशी खोऱ्यातल्या वरच्या वाड्यांचे आणि धनगरपाड्यांचे तेच. पावसाळ्यात दरड आली की वरंधा बंद, म्हणजे महाडही तुटले.

*

एक बारीक गोष्ट राहिली. दुकानात प्राझोसिनची सावकाश विरघळणारी गोळीही मिळते. रक्तदाबाच्या रोजच्या रुग्णाला ती सोयीची. विंचवाला ती चालत नाही, लगेच विरघळणारी साधी गोळीच लागते. उपकेंद्राच्या कपाटात नेमकी कोणती आहे, हे घर शाकारायला घेण्याच्या आधी, एप्रिलातच एकदा उघडून बघावे.